टॉम किलबर्न : मेमरीचा खरा पत्ता प्रोग्रामपासून लपवणारे शास्त्रज्ञ



आपल्या मोबाईलमध्ये एकाच वेळी गेम, कॅमेरा, गाणी असं बरंच काही उघडं असतं. प्रत्येक ॲप अशा थाटात चालतं, जणू सगळी मेमरी त्याच्या एकट्याचीच! खरं म्हणजे मेमरीच्या चिपमध्ये आपण नेमके कुठे बसलो आहोत, हे कोणत्याच ॲपला माहीत नसतं. ते ठाऊक असतं ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला. (सैन्यातले कर्नल वेगळे बरं का!) ही सोय ज्यांच्या नेतृत्वाखाली प्रत्यक्ष यंत्रात उतरली, त्या टॉम किलबर्न यांची आज ओळख करून घेऊया.

टॉम किलबर्न यांचा जन्म 11 ऑगस्ट 1921 रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर भागातल्या ड्यूजबरी या गावी झाला. हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. वडील कारकुनी करायचे. शाळेत असतानाच टॉमचं सगळं लक्ष गणितात. पुढे ते केंब्रिज विद्यापीठातल्या सिडनी ससेक्स कॉलेजात गेले. दुसरे महायुद्ध चालू असल्यामुळे अभ्यासक्रम आटोपशीर केलेला होता. 1942 मध्ये ते गणितात प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले.

युद्धाच्या काळात त्यांना इलेक्ट्रॉनिक्सचा काही आठवड्यांचा झटपट कोर्स देऊन माल्व्हर्नच्या रडार संशोधन संस्थेत पाठवण्यात आलं. तिथे ते ज्या गटात गेले, त्याचे प्रमुख होते फ्रेडी विल्यम्स. त्यांना हवा होता अनुभवी माणूस आणि आला हा कोवळा गणितवाला! सुरुवातीला विल्यम्स फारसे खूश नव्हते. पण पुढे हीच जोडी जमली. 1943 मध्ये किलबर्न यांचा विवाह आयरीन मार्सडेन यांच्याशी झाला. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा.

युद्ध संपल्यावर विल्यम्स मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि किलबर्नही त्यांच्याबरोबर तिकडे गेले. त्या वेळी सगळ्यांना एकच प्रश्न पडलेला होता, संगणकाने आकडे लक्षात ठेवायचे कशात? या दोघांनी रडारच्या पडद्यासारखी काचेची नळी घेतली आणि तिच्या पडद्यावर विजेच्या ठिपक्यांनी माहिती साठवली. ठिपका क्षणात विरून जायचा, म्हणून तो सतत वाचून पुन्हा लिहावा लागे. (आजच्या मोबाईलची मेमरीसुद्धा अशीच सारखी ताजी करत राहावी लागते.) 1947 च्या अखेरीस एका नळीत 2,048 बिट टिकू लागले.

ही नळी भरवशाची आहे का, हे तपासायला किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी एक छोटा संगणक बांधला. त्याचं लाडकं नाव 'बेबी'. 21 जून 1948 रोजी त्यावर किलबर्न यांनी लिहिलेला प्रोग्राम चालला. मेमरीत साठवलेला प्रोग्राम इलेक्ट्रॉनिक संगणकाने चालवण्याची ही जगातली पहिली वेळ मानतात. 2 चा अठरावा घात, म्हणजे 2,62,144 या संख्येचा, ती संख्या सोडून, सर्वात मोठा विभाजक शोधायचा होता. उत्तर 1,31,072 आलं, वेळ लागला 52 मिनिटं. मुलांनो, तुम्ही वहीत किती वेळात काढता ते बघा!

बेबीच्या मेमरीत फक्त 32 ओळी होत्या. प्रोग्राममध्ये 'ओळ 20' लिहिलं की पडद्यावरची खरोखरची 20 क्रमांकाची ओळच. पत्ता म्हणजे खरा पत्ता, मध्ये कोणी नाही. यंत्र छोटं असताना हे ठीक होतं. पण पुढच्या यंत्रांत जलद मेमरी थोडी आणि मोठा साठा फिरत्या चुंबकीय ड्रमवर, अशी रचना आली. कोणता भाग ड्रमवरून कधी आणायचा, कुठे ठेवायचा, कोणता परत पाठवायचा, हे सगळं प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच ठरवायचं. मूळ गणित राहायचं बाजूला आणि ही हमाली चालू! शिवाय एकाच यंत्रात दोन प्रोग्राम ठेवले आणि दोघांनीही 'जागा 100' वर हक्क सांगितला तर?

बहुतेक लोक किलबर्न यांना 'बेबी'साठी ओळखतात. माझ्या मते त्यांचं मोठं काम त्यानंतरचं आहे. 1956 मध्ये त्यांनी एका अतिशय वेगवान संगणकाचं काम हाती घेतलं. नंतर फेरांटी कंपनी त्यात सामील झाली आणि यंत्राला 'ॲटलस' हे नाव मिळालं. 7 डिसेंबर 1962 रोजी त्याचं उद्घाटन झालं.

ॲटलसमध्ये काय केलं होतं, ते आपण वर्गाच्या उदाहरणाने समजून घेऊ. समजा, वर्गात 32 बाक आहेत आणि हजेरीपटावर 2,048 मुलं. मुलाचा हजेरी क्रमांक कायमचा, पण तो कोणत्या बाकावर बसेल ते रोज बदलतं. प्रोग्राम फक्त हजेरी क्रमांक उच्चारतो. तो मुलगा कोणत्या बाकावर आहे, याची यादी बाईंकडे. ॲटलसमध्ये 'मुलगा' म्हणजे 512 शब्दांचं एक पान. जलद मेमरी 16,384 शब्दांची, म्हणजे बरोबर 32 पानांची जागा. ड्रमवर आणखी 98,304 शब्द. प्रोग्रामला मात्र 10,48,576 शब्दांचे पत्ते वापरायची मुभा!

प्रत्येक बाकाला एक छोटी पाटी होती आणि तिच्यावर तिथे बसलेल्या पानाचा क्रमांक. प्रोग्रामने पत्ता मागितला की 32 पाट्या एकदम तपासल्या जात. पान सापडलं तर काम लगेच पुढे. नाही सापडलं तर यंत्र थांबून 'सुपरवायझर' नावाच्या प्रोग्रामला हाक मारी. आजच्या कर्नलचा हा पूर्वज. याच्या कामात डेव्हिड हॉवर्थ यांचा मोठा वाटा होता. सुपरवायझर ड्रमवरून पान मागवी आणि तोपर्यंत दुसऱ्या प्रोग्रामला काम देई, कारण ड्रमची एक फेरीच 12 मिलिसेकंदांची. आपल्याला हे क्षणभर वाटतं, पण तेवढ्या वेळात यंत्राची हजारो कामं होऊ शकत.

आता गंमत बघा. एक बाक नेहमी रिकामा ठेवत, म्हणजे येणाऱ्या पानाला ताटकळावं लागत नसे. ते बसलं की मग कुणाला बाहेर पाठवायचं ते ठरे. कोणतं पान किती वेळापूर्वी वापरलं याची नोंद ठेवून, जे बराच काळ लागणार नाही असं वाटे ते ड्रमवर जाई. पाटीवर एक कुलूपही होतं. दुसऱ्या प्रोग्रामच्या पानाला हात लावायचा प्रयत्न केला की अडवलंच! दोघांच्या 'जागा 100' चा झगडा इथे मिटला. दोघांचा क्रमांक एकच, बाक वेगळे.

किलबर्न, एडवर्ड्स, लॅनिगन आणि समनर यांनी 1962 मध्ये या पद्धतीवर शोधनिबंध लिहिला. तरीही पुष्कळ जाणकारांना शंका होती. माणसाने हाताने केलेली आखणी यंत्राला जमेल का? पानांची सारखी ये-जा होऊन खरं काम ठप्प झाल्याचे अनुभवही काही यंत्रांवर आले. 1969 मध्ये आयबीएममधील डेव्हिड सेअर यांच्या गटाने मोजमाप करून स्वयंचलित पद्धत हाताच्या आखणीला टक्कर देते असं दाखवलं. 1972 मध्ये आयबीएमने मोठ्या संगणकांवर ही सोय जाहीर केली, 1985 मध्ये इंटेलच्या 80386 चिपमध्ये ती आली. आज अँड्रॉइड फोनमधला लिनक्स कर्नल हीच यादी सांभाळतो. पान सहसा 4,096 बाइटचं. यादीत नसलेला चुकीचा पत्ता मागितला तर कर्नल ते ॲप बंद करतो, तेव्हा तुम्ही म्हणता, ॲप क्रॅश झालं!

1964 मध्ये किलबर्न यांनी मँचेस्टरला संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू केला. 1965 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. फुटबॉलमध्ये ते मँचेस्टर युनायटेडचे पक्के चाहते. 1981 मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच सुमारास आयरीन यांचं निधन झालं.

1998 मध्ये बेबीला 50 वर्षं झाली. त्या वेळी तिची हुबेहूब प्रतिकृती बांधण्यात आली आणि किलबर्न त्या सोहळ्याला हजर होते. 17 जानेवारी 2001 रोजी मँचेस्टर येथे त्यांचे निधन झाले. विद्यापीठातील संगणकशास्त्र विभागाच्या इमारतीला त्यांचं नाव आहे आणि बेबीची ती प्रतिकृती मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयात ठेवलेली आहे.