वनविद्येचे आचार्य सर डीट्रिख ब्रँडिस

लकडगंजांत रचून ठेवलेल्या सागाच्या ओंडक्याचें करवतलेलें तोंड ज्यानें लक्षपूर्वक पाहिलें असेल, त्यास एकांत एक अशीं अनेक वलयें त्यांत दिसलीं असतील. उन्हाळ्यांत साग निष्पर्ण होतो व त्याची वाढ थांबते. पुढें पावसाचे दिवस आले म्हणजे नव्या पालवीबरोबर खोडावर नव्या लांकडाचा थर चढूं लागतो. या थराच्या आरंभीं मोठालीं छिद्रें असतात, म्हणून एका वर्षाचा थर दुसऱ्या वर्षाच्या थरापासून नुसत्या डोळ्यांनींही ओळखतां येतो. उष्ण देशांतील वृक्षांची ही रोजनिशी वाचून तिचा व्यवहारांत उपयोग करणाऱ्या पहिल्या विद्वानांत सर डीट्रिख ब्रँडिस यांची गणना होते. आपल्या मध्यप्रांताच्या जंगलांशीं या पुरुषाचा निकट संबंध आला असल्यानें त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असणें इष्ट आहे.

ब्रँडिस यांचा जन्म इ. स. १८२४ सालीं जर्मनींतील बॉन शहरीं झाला. त्यांचे वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. ग्रीस देशाच्या तरुण राजाच्या सेवेसाठीं वडील अथेन्स येथें गेले असतां डीट्रिखही त्यांच्याबरोबर होते. पुढें कोपनहेगन, गटिंगेन व बॉन येथें विद्याभ्यास करून १८४९ सालीं ते बॉन येथें वनस्पतिशास्त्राचे अध्यापक झाले.

हा जर्मन अध्यापक हिंदुस्थानांत कसा आला, याची हकीकत श्रीरामपूरच्या मिशनाशीं निगडित आहे. ज्या श्रीरामपुरास डॉ. केरी यांनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापविलें, तेथेंच त्यांचे सहकारी डॉ. मार्शमन हे राहत. मार्शमन यांची कन्या रेचल हिचा विवाह व्हॉइट नांवाच्या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाशीं झाला होता. त्याच्या मृत्यूनंतर १८५४ सालीं तिनें ब्रँडिस यांच्याशीं विवाह केला. तिची बहीण सेनापति हॅव्लॉक यांस दिलेली होती. या आप्तसंबंधामुळें ब्रँडिस यांचें नांव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या कानांवर गेलें. नागपूरचें भोसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा करणारे डलहौसी ते हेच. त्यांनीं ब्रह्मदेशांतील पेगू प्रांतही नुकताच घेतला होता, व तेथील सागवानाची बेसुमार तोड कशी आवरावी ही चिंता सरकारास पडली होती. १८५६ सालीं त्या जंगलांची देखरेख ब्रँडिस यांजकडे आली.

जंगलांत साग किती, कोणत्या वयाचा, व दरसाल किती तोडला असतां भांडवल कायम राहील, हें कोणासच ठाऊक नव्हतें. ब्रँडिस हत्तीवर बसून त्या रोगट अरण्यांत हिंडले. दमट हवेंत कागद टिकत नसे, म्हणून त्यांनीं बांबूच्या चार काठ्या हातीं धरल्या. घेराप्रमाणें सागाच्या चार प्रती ठरवून, झाड दिसेल तसतशी त्या त्या काठीवर ते चाकूनें एक एक खूण करीत. सहा फूट व त्याहून अधिक घेराचें झाड तें पहिल्या प्रतीचें. त्यांच्या खालोखाल साडेचार फुटांपासून सहा फुटांपर्यंतचीं झाडें दुसऱ्या प्रतीचीं. तोडलेल्या बुंध्यांवरील वलयें मोजून झाडाची वाढ किती वेगानें होते याचा त्यांनीं अंदाज बांधला. दुसऱ्या प्रतीच्या झाडास पहिल्या प्रतीस पोहोंचण्यास सुमारें २४ वर्षें लागतात असें त्यांस आढळलें. यावरून त्यांनीं सिद्धांत काढला कीं, पाठीमागून येणारीं झाडें पुरेशीं असतील, तर दरसाल पहिल्या प्रतीच्या झाडांपैकीं चोविसावा हिस्साच तोडावा, म्हणजे जंगल कधींही रितें होणार नाहीं. लांकडाच्या व्यापाऱ्यांस हा हिशेब रुचला नाहीं. तथापि ब्रँडिस यांनीं तो सोडला नाहीं.

१८६४ सालीं ते सर्व हिंदुस्थानचे पहिले मुख्य वनाधिकारी झाले. त्या वेळीं रेल्वेचे रस्ते झपाट्यानें वाढत होते. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोहोंचला, व रुळांखालीं घालावयाच्या स्लीपरांपायीं रानेंच्या रानें आडवीं होऊं लागलीं. १८६५ सालीं पहिला वनविषयक कायदा झाला आणि १८७८ सालीं डेहराडून येथें वनविद्येची शाळा निघाली. या दोहोंमागें ब्रँडिस यांचेच परिश्रम होते. कोणत्या भागांत पाऊस किती पडतो व त्यामुळें तेथें कोणत्या जातीचें अरण्य उगवतें, याचाही त्यांनीं सबंध देशासाठीं विचार मांडला.

वणव्याचा प्रश्न मात्र सर्वांत बिकट होता. मोहाचीं फुलें वेंचतां यावीं, नवें गवत लवकर फुटावें, किंवा डोंगरउतारावर राख करून कोदो-कुटकी पेरावी, अशा हेतूंनीं रानास दरवर्षीं आग लावण्याची पूर्वापार चाल होती. ती थांबविणें अशक्य आहे असें अनेक अनुभवी अधिकारीही म्हणत. परंतु सातपुड्यांतील बोरीच्या जंगलांत मध्यप्रांताचे वनाधिकारी पिअर्सन यांनीं १८६४ च्या सुमारास प्रयोग आरंभिला. गवत कापून व जाळून रुंद पट्टे मोकळे केले, पहारेकरी नेमले, आणि आग खरोखरच बाहेर राहिली. ब्रँडिस यांनीं हा धडा सर्व प्रांतांत नेला.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या गोंड, कोरकू व बैगा लोकांचें पोट त्या रानावर होतें, त्यांस वणवाबंदी व फिरत्या शेतीची मनाई फार जाचक झाली. ब्रँडिस यांस ही अडचण दिसत होती. गांवकऱ्यांसाठीं गांवचीं स्वतंत्र वनें राखावीं, असा त्यांचा आग्रह होता. परंतु १८७८ च्या कायद्यांत सरकारी मालकीचा पक्ष प्रबळ ठरला, व गांव-वनांचें कलम बहुतांशीं कागदावरच राहिलें. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रह्मदेशांतील कित्येक वनाधिकाऱ्यांस असें दिसून आलें कीं, ओलसर रानांत आग पूर्ण बंद केल्यानें बांबू व झुडपें माजतात आणि त्यांच्या छायेखालीं सागाचीं रोपें उजेडावांचून मरतात.

१८८३ सालीं ब्रँडिस निवृत्त झाले, परंतु स्वस्थ बसले नाहींत. अमेरिकेच्या वनखात्याचे पहिले प्रमुख झालेले पिंशो हे त्यांचेच शिष्य. हिंदुस्थानांतील वृक्षांवरील आपला मोठा ग्रंथ त्यांनीं १९०६ सालीं, वयाच्या ब्याऐंशिव्या वर्षीं, प्रसिद्ध केला व पुढच्याच वर्षीं बॉन येथें देह ठेविला.

त्यांनीं वलयें मोजलीं तीं झाडाची वाढ कळावी म्हणून. वलयांची रुंदी पाहून गतकालीन हवामान वाचण्याची विद्या पुढें अमेरिकेंत डग्लस नांवाच्या ज्योतिर्विदानें १९०४ पासून वाढीस लावली. पाऊस कमी झाला कीं वलय अरुंद होतें. अनेक झाडांचीं वलयें एकमेकांशीं ताडून पाहिलीं म्हणजे वर्ष निश्चित ठरतें. आगीनें साल भाजून पडलेली जखम झाड पुढील वर्षांच्या थरांनीं दोन्ही बाजूंनीं झांकीत आणतें, म्हणून त्या डागाबाहेरचीं वलयें मोजलीं कीं वणव्याचें सालही कळतें. बोरीचें जंगल ज्या होशंगाबाद (आतां नर्मदापुरम) जिल्ह्यांत आहे, तेथील सागाच्या वलयांवरून पूर्वींच्या पावसाळ्यांचें मान काढल्याचें संशोधन २००७ सालीं प्रसिद्ध झालें. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं केरळांतील सागाची ५२३ वर्षांची नोंद २०१० सालीं प्रसिद्ध केली व तींत अवर्षणाच्या खुणा दाखविल्या. विद्यार्थ्यांनींही एखाद्या जुन्या बुंध्याच्या तोडीचें वर्ष ठाऊक असल्यास बाहेरून आंत मोजीत जावें, आणि १९७२ च्या दुष्काळाचें वलय अरुंद आहे काय हें पाहावें. एका झाडावरून मात्र निर्णय करूं नये.

आग सर्वस्वी बंद करावी कीं तिला वेळ व मर्यादा नेमून द्यावी, हा वाद ब्रँडिस यांच्या पश्चात् मिटला नाहीं. कोरड्या रानाचें उत्तर एक आणि ओल्या रानाचें दुसरें, असें आतां पुष्कळांस वाटतें. सरकारी अधिकारी आपला अनुभव सांगतो, रानांत राहणारा गोंड आपला सांगतो. दोघांचें म्हणणें पारखून घेण्यास झाडाच्या पोटांतील नोंद उपयोगी पडते, कारण ती कोणाच्याही बाजूनें लिहिलेली नसते. कुऱ्हाड उचलण्यापूर्वीं ती नोंद वाचावी, ही संवय ब्रँडिस यांनीं या देशास लाविली.