लियाकत अली सलाम : पायातला ताल झांजेवर आणणारा ड्रमवादक

जॅझ ऐकणाऱ्यांना केनी क्लार्क हे नाव ठाऊक असतं. पण याच माणसाने 1946 मध्ये इस्लाम स्वीकारून लियाकत अली सलाम हे नाव घेतलं होतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. संगीताविषयी आपल्या घराघरांत मतं वेगवेगळी आहेत. त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. आम्हाला सांगायची आहे ती एका पोरक्या मुलाची हकिकत.

9 जानेवारी 1914 रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात एका काळ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आई वारली, वडील घर सोडून गेले आणि भावासोबत त्यांची रवानगी अनाथाश्रमात झाली. ड्रमची गोडी तिथेच लागली. पुढे पोटापाण्यासाठी वेगवेगळ्या बँडमध्ये वाजवत वाजवत ते न्यूयॉर्कला पोचले.

त्यांनी नेमकं काय केलं, हे समजायला आधी ड्रमचा संच डोळ्यांसमोर आणायला हवा. खाली उजव्या पायाने वाजवायचा मोठा ढोल. डाव्या पायाशी एकमेकींवर आपटणाऱ्या दोन झांजा, त्यांना हाय-हॅट म्हणतात. आणि उजव्या हाताला स्टँडवर बसवलेली मोठी झांज, म्हणजे राइड. आपल्याकडच्या पथकात झांजेची जोडी दोन्ही हातांनी वाजवतात. ही राइड मात्र एकटी असते आणि लाकडी काठीने वाजते. या काशाच्या झांजांचाही इतिहास आहे. सतराव्या शतकात इस्तंबूलमध्ये एका आर्मेनियन कारागिराने त्या घडवल्या आणि उस्मानी फौजेच्या मेहतर वाद्यवृंदात त्या घुमल्या. तुर्कीत झांजेला ‘झिल’ म्हणतात. त्यावरूनच त्या घराण्याचं झिल्जियन हे नाव पडलं. 1929 मध्ये या घराण्याचा कारखाना अमेरिकेतही सुरू झाला.

त्या काळी ड्रमवाल्याचं मुख्य काम म्हणजे मोठ्या ढोलावर पायाने प्रत्येक मात्रा ठोकणं. नाचणाऱ्यांना ताल सापडायला हवा ना! जो जोन्स यांच्यासारख्या वादकांनी हा भार काहीसा हाय-हॅटवर नेला होता. क्लार्क आणखी पुढे गेले. टेडी हिल यांच्या बँडमध्ये अतिशय वेगवान गाणी असत. चार-चार ठोके मारताना पाय भरून यायचा. तेव्हा त्यांनी ताल उचलला आणि थेट राइड झांजेवर आणला. टिंग, टिंग-ट-टिंग, असा अखंड आणि हलका. पाय आणि डावा हात मोकळे झाले. मग मधूनच, अनपेक्षित जागी, ते ढोलावर एखादा ठोका टाकत. वादक मंडळी त्या ठोक्यांना बॉम्ब म्हणू लागली. त्याच आवाजावरून त्यांना ‘क्लूक’ हे टोपणनावही चिकटलं.

हे सगळ्यांना रुचलं असं नाही. ताल मोडतो, ही तक्रार झाली आणि हिल यांनी त्यांना बँडमधून काढलं. गंमत म्हणजे पुढे हेच हिल हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाऊस या क्लबचे व्यवस्थापक झाले आणि तिथल्या बँडसाठी त्यांनी क्लार्क यांनाच बोलावलं. पियानोवर थेलोनियस मंक असायचे, डिझी गिलेस्पीही येऊन वाजवायचे. याच मैफलींतून बीबॉप ही नवी शैली आकाराला आली. खाली झांज सारखी वाहती असल्यामुळे वरच्या वादकांना मोकळेपणी खेळता येई.

1943 ते 1946 ही वर्षं सैन्यात गेली. परतल्यावर त्यांनी कलमा पढला. अमेरिकेत वर्णभेद जोरात होता. हॉटेलात खोली मिळणंही काळ्या माणसाला मुश्कील. क्लबात काम करायला पोलिसांचं कार्ड लागे. मुस्लिम नाव घेतलेल्या वादकांच्या कार्डावर काळा ऐवजी गोरा अशी नोंद होई, असं गिलेस्पी यांनी आत्मचरित्रात नमूद केलं आहे. त्यांना असं कार्ड दाखवणाऱ्यांत क्लार्कही होते. माणूस तोच, कातडी तीच; नाव बदललं आणि कागदावरचा रंग बदलला! या व्यवस्थेचा पोकळपणा सांगायला आणखी काय हवं?

1952 मध्ये ते मॉडर्न जॅझ क्वार्टेटचे पहिले ड्रमवादक झाले, पण 1955 मध्ये त्यातून बाहेर पडले. नाव आणि काम दोन्ही असताना 1956 मध्ये त्यांनी पॅरिस गाठलं आणि उरलेलं आयुष्य फ्रान्समध्येच काढलं. तिथे बेल्जियमचे पियानोवादक फ्रान्सी बोलँड यांच्यासोबत 1961 पासून त्यांनी मोठा बँड चालवला, नव्या मुलांना शिकवलंही. 1983 मध्ये अमेरिकेने त्यांना जॅझ मास्टर हा सन्मान दिला. 26 जानेवारी 1985 रोजी पॅरिसजवळच्या माँत्रई इथे त्यांचा इंतकाल झाला.

रेकॉर्डच्या वेष्टनांवर शेवटपर्यंत केनी क्लार्क हेच नाव छापलं गेलं. लियाकत अली सलाम हे नाव मागे राहिलं. आम्हाला मात्र दोन्ही नावांमागचा एकच माणूस दिसतो. ज्या मुलाला लहानपणी स्वतःचं घर मिळालं नाही, त्याने ताल असा हलका धरला की सोबतच्या प्रत्येकाला आपली जागा मिळाली. आजही जगात कुठेही जॅझचा ड्रमवादक बसला, की त्याचा उजवा हात आधी त्या झांजेकडे जातो.