पांढरीची पाने वाचणारा माणूस

नेवाशाला जाणारी माणसे ज्ञानेश्वर मंदिरातल्या पैस खांबाला हात लावतात, माथा टेकवतात आणि परततात. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, याच खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली, अशी महाराष्ट्राची श्रद्धा आहे. सव्वासातशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आपल्याला फार जुनी वाटते. पण याच गावात प्रवरेच्या काठी लाडमोड नावाचे एक टेकाड आहे. त्या टेकाडाच्या हिशेबात सव्वासातशे वर्षे म्हणजे काल-परवाचा मामला. हे आपल्याला ज्यांनी दाखवून दिले ते डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया.

आपल्या खेड्यात जमिनीचे दोन भाग मानतात. पिकते ती काळी आणि माणसे राहतात ती पांढरी. पिढ्यान् पिढ्यांच्या पडक्या भिंती, चुलीतली राख, शेणामातीच्या जमिनी एकावर एक साचून पांढरीचे टेकाड चढत जाते. ही पांढरी थराथराने वाचता येते, हे महाराष्ट्राला शिकवण्यात सांकलियांचे आयुष्य गेले.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत, एका गुजराती कुटुंबात झाला. मूल इतके अशक्त होते, की ते जगेल अशी आशा घरच्यांना नव्हती. घराणे वकिलांचे, तेव्हा मुलानेही वकीलच व्हायचे हे जवळजवळ ठरलेले. पण शाळकरी वयात त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचे गुजराती भाषांतर पडले. त्यातले त्यांना फारसे कळले नाही, तरी प्राचीन भारताविषयी आपण काहीतरी करायचे, हे मात्र मनाने घेतले. वडीलधाऱ्यांचा मान राखून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. पण मन रमले ते झेव्हियर महाविद्यालयातल्या फादर हेरास यांच्या हाताखाली. नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहून ते एम. ए. झाले आणि पुढे लंडनला गेले.

लंडनमध्ये त्यांनी गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच. डी. मिळवली. त्याहून मोलाची शिकवण मिळाली ती इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात. तेथे मॉर्टिमर व्हीलर मेडन कॅसल या प्राचीन गढीचे उत्खनन करीत होते. वस्तू सापडली की उचलायची, हा जुना खाक्या. वस्तू कोणत्या थरात सापडली हे आधी पाहायचे, ही व्हीलरांची शिस्त. ती शिदोरी घेऊन सांकलिया १९३७ मध्ये परतले.

पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये बंद पडले होते. १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले आणि सांकलिया तेथे प्राध्यापक झाले. ज्या टिळकांच्या ग्रंथाने त्यांना ही वाट दाखवली, ते टिळक याच कॉलेजचे विद्यार्थी. सुरुवातीची काही वर्षे सांकलियांचे लक्ष गुजरातकडे होते. तेथे लांघणज येथे अश्मयुगीन मानवाचे सांगाडे मिळाले. त्या कामात डॉ. इरावती कर्वे यांची त्यांना साथ होती.

महाराष्ट्राचा इतिहास तोवर बहुतेकांच्या लेखी अशोक आणि सातवाहनांपासून सुरू होई. त्याआधी सारे दंडकारण्य! हा समज मोडला तो अहिल्यानगर जिल्ह्यात, तेव्हाच्या अहमदनगरमध्ये. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि काळ्या रंगाने नक्षी काढलेली तांबडी, चोचीची भांडी मिळाली. तशीच भांडी पुढे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सापडत गेली. ती वापरणाऱ्या, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती हे नाव पडले. प्रवरेकाठचे एक साधे गाव जगभरच्या अभ्यासकांच्या तोंडी गेले.

मग आले नेवासे. १९५४ पासून सांकलियांनी येथे अनेक हंगाम काम केले. प्रवरेच्या उभ्या काठांत अगदी तळाच्या गोट्यांच्या थरात लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या दगडी हातकुऱ्हाडी होत्या. त्यावर गाळ, आणि त्याही वरच्या बारीक खड्यांच्या थरात अकीक आणि जास्परसारख्या दगडांची छोटी हत्यारे होती. प्राचीन आणि उत्तर अश्मयुगाच्या मधला हा टप्पा भारतात थरांच्या पुराव्यानिशी प्रथम स्पष्ट झाला तो इथे. नदी कधी जोरात वाहिली, कधी मंदावली, हवा कधी ओली होती, कधी कोरडी, याचा माग ते या गोट्यांतून आणि गाळातून काढू लागले. त्यांच्या काही अनुमानांत पुढच्या संशोधकांनी सुधारणा केल्या. पण नदीचा काठ वाचायची सवय त्यांनीच लावली.

लाडमोडच्या टेकाडात जोर्वे काळातली घरे निघाली. त्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने होती. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत लेकराच्या अस्थी. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तिचा दोरा तज्ज्ञांनी तपासला, तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम असल्याचे दिसून आले. आपले गेलेले मूल स्मशानात न नेता घरातच, उबेला ठेवणारी ही माणसे कोणी राजे नव्हती. त्यांचे नावही उरलेले नाही. पण त्या माळेपुढे साडेतीन हजार वर्षांचे अंतर उरत नाही.

आणि मग टेकाडात खंड पडतो. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास वस्ती उठली आणि पुढची आठ-नऊशे वर्षे तेथे कोणी नांदले नाही. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादचीही गत तीच. १९७४ मध्ये तेथे एका शेतकऱ्याला साठ किलोंहून अधिक वजनाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा असा धातूचा ठेवा सापडला होता. एवढे वैभव पाहिलेले गावही ओस पडले. पाऊसमान घटले, हे त्याचे मोठे कारण अभ्यासक मानतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ मध्ये उत्खनन सुरू केले. तेथे लोक टिकून राहिले, पण मोठी चौकोनी घरे जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या, शेती आटली आणि शिकार वाढली. दुष्काळात गाव सोडणे काय असते, हे नगर जिल्ह्याला कोणी सांगायला नको.

खंडानंतरच्या थरांत मात्र वेगळेच नेवासे भेटते. सातवाहनांची नाणी, काचेचे मणी आणि रोमन साम्राज्यातून आलेल्या, दोन कानांच्या उंच मद्यकुंभांची खापरे! भरुच, सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल घाट चढून गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत येत होता. समुद्रापासून इतक्या दूरच्या आपल्या गावाला दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी मालाची ओळख होती, हे त्या खापरांनी सांगितले.

उत्खनन म्हणजे पुस्तक वाचता वाचता त्याची पाने फाडणे. खणलेला थर पुन्हा रचता येत नाही. म्हणून अहवाल वेळेवर छापलाच पाहिजे, यावर सांकलियांचा कटाक्ष असे. नेवाशाचा जाडजूड अहवाल १९६० मध्येच निघाला. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले, १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले. सामान्य मराठी वाचकाला हे सारे कळावे म्हणून १९७६ मध्ये डॉ. म. श्री. माटे यांच्यासह त्यांनी महाराष्ट्राच्या पुरातत्त्वावर ग्रंथ सिद्ध केला. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पांढरीची माती पिकाला चांगली, म्हणून गावोगावची टेकाडे खणून शेतात पसरली जातात. त्यात शेतकऱ्याचा दोष काय? त्याला कोणी सांगितलेलेच नसते. पुढच्या वेळी नेवाशाला गेलात, तर मुलांना पैस खांबाबरोबर प्रवरेचा काठही दाखवा. तिथल्या मातीत एखादे नक्षीचे खापर दिसले, तर ते उचलून घरी आणू नका. ते जिथे आहे, तिथेच ते बोलते.