तंबोरा पुसला तेव्हा

सोलापूरच्या आमच्या घरी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची जुनी तबकडी आहे. परवा ती संगणकावर उतरवली आणि ऑडॅसिटीत तिची खरखर काढायला बसलो. नुसत्या खरखरीचा तुकडा दाखवला की हे सॉफ्टवेअर त्याचा नमुना घेते आणि तसला आवाज सगळीकडून कमी करते. मी दाखवलेल्या तुकड्यात मात्र तंबोरा सुरू झालेला होता. जे अखंड वाजते ते सारे यंत्राने खरखरच मानले. तंबोरा विरला आणि खाँसाहेबांचा गळा पोरका झाला.

१८७२ साली उत्तरेत कैराण्याला जन्मलेले खाँसाहेब पुढे मिरजेचे झाले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर ही त्यांची मुले. श्रुती मोजण्याच्या देवल-क्लेमंट्स यांच्या खटाटोपात त्यांचा सूर प्रमाण धरला गेला. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना प्रकृती बिघडली, म्हणून ते सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर उतरले. तिथेच तंबोरा लावून घेतला आणि गातागाता प्राण सोडला, असे सांगतात. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात ते विसावले आहेत.

मूळ प्रत शाबूत होती. पुन्हा बसलो. या वेळी नमुना गाण्याआधीच्या रिकाम्या खाचेतला घेतला आणि खरखर थोडीच कमी केली. उरलेली राहू दिली. तिच्याआड तंबोरा आहे.