विचार आणि कृती : बाबासाहेबांच्या जीवनातील समतोल

आमच्या वसतिगृहातून बाहेर पडणारा प्रत्येक विद्यार्थी बाबासाहेबांची दोन चित्रे मनात घेऊन जातो. एक ग्रंथांच्या राशीत बसलेल्या विद्वानाचे, दुसरे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतलेल्या नेत्याचे. हुशार मुलापुढे आपण पहिले चित्र ठेवतो, धाडसी मुलापुढे दुसरे. आणि ही दोन्ही एकाच माणसाची आहेत, हे नकळत विसरतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. बडोद्यात अधिकारपद मिळाले, पण राहावयास घर मिळेना. तो अपमान उराशी धरून ते तत्काळ संघर्षात उतरले असते, तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी मुंबईत प्राध्यापकी केली, पैसे साठवले, १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले आणि १९२३ मध्ये अभ्यास पुरा करूनच ते परतले. पुढच्याच वर्षी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. १९२५ मध्ये या सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. ही गोष्ट आम्हां निवासी शाळा चालविणाऱ्यांना विशेष जवळची वाटते.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्येच केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केले होते. हक्क कागदावर होता, पाणी मात्र दूरच होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ते अंतर त्यांनी पायी तोडले. नंतर जमावाने परिषदेच्या लोकांवर हल्ला केला, तेव्हा प्रतिहल्ल्यापासून त्यांनी आपल्या माणसांना आवरले.

खरी कसोटी त्याच वर्षीच्या डिसेंबरात लागली. २५ तारखेस मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाण्यास हजारो स्त्रीपुरुष सिद्ध होते. तुरुंगाची तयारी ठेवून अनेकांनी नावेही नोंदविली होती. पण विरोधकांनी न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळविला होता. मोडावा की पाळावा? लढा रूढीशी होता. हुकूम मोडला असता तर तो सरकारशी झाला असता. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. लोकांनी शहरातून मिरवणूक काढली आणि ते परतले. आवेशाने आलेल्यांना ते किती जड गेले असेल! उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. थांबण्याची किंमत दहा वर्षांची होती. पण तळे सर्वांचे, हे आता न्यायालयानेही मान्य केले होते.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. निर्धार अढळ होता, पण निवड त्यांनी घाईने केली नाही. राज्यघटनेचा मसुदा, सिद्धार्थ आणि मिलिंद ही महाविद्यालये, मंत्रिपद आणि त्याचा राजीनामा, या साऱ्या धावपळीत धर्मग्रंथांचे अध्ययन चालूच राहिले. एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी लाखोंसह बुद्धाला शरण जाऊन धम्म स्वीकारला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आणखी थोडा विलंब झाला असता तर? हा प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो. विचाराला वेळ द्यावा, पण आयुष्य अमर्याद नाही, हेही त्याच चरित्रातून शिकावे लागते.

मुलाने आधी शिकावे की समाजकार्यात पडावे, असे पालक आम्हांला विचारतात. बाबासाहेबांच्या चरित्रात या दोहोंची अशी फारकत आढळत नाही. त्यांनी अभ्यास केला तो कृतीसाठी, आणि कृती केली ती अभ्यासाच्या आधारावर. माजी विद्यार्थ्यांनी स्वतःलाच विचारावे : आपले कोणते पाऊल विचाराविना पडले, आणि कोणता विचार अद्याप पावलाची वाट पाहत आहे? बाबासाहेबांची दोन्ही चित्रे आपल्या घरात एकाच भिंतीवर राहोत, हीच मंगलकामना.