‘केजी’तील बाग कोठे गेली?

‘केजी’ ही दोन अक्षरे मराठी घरांत आता इतकी रुळली आहेत की, ती एका जर्मन शब्दाची आद्याक्षरे आहेत याचे स्मरण फारसे कोणाला उरलेले नाही. मूल चार वर्षांचे झाले की ज्युनिअर केजी, पाचांचे झाले की सीनिअर केजी, हा क्रम आपण निसर्गनियमासारखा स्वीकारला आहे. मूळ शब्द ‘किंडरगार्टन’. त्याचा सरळ अर्थ बालकांची बाग. ज्याने हा शब्द घडविला त्याच्या मनात ही बाग केवळ अलंकारिक नव्हती. तीत माती होती, पाणी होते आणि प्रत्येक मुलाच्या मालकीचा लहानसा वाफा होता. आज अनेक केजींत झाडे आहेत, पण ती भिंतीवर रंगविलेली. शब्द राहिला आणि बाग गेली, हे कसे घडले? त्याचे उत्तर शोधायचे तर फ्रेडरिक फ्रोबेल या माणसाच्या आयुष्याकडे वळावे लागते. अध्यापक विद्यालयांत त्याचे नाव परीक्षेपुरते पाठ केले जाते. त्याचे जीवन मात्र क्वचितच सांगितले जाते.

फ्रोबेलचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीतील थुरिंगिया या वनप्रदेशात, ओबरवाइसबाख नावाच्या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. तो नऊ महिन्यांचा असतानाच आई वारली. वडिलांना आपल्या मोठ्या धर्मक्षेत्राच्या कामातून सवड नव्हती. सावत्र आईने आरंभी माया लावली; परंतु तिला स्वतःचे अपत्य झाल्यावर ती आटली. शिक्षणाचीही तीच तऱ्हा. वडिलांनी त्याला गावातील मुलींच्या शाळेत बसविले. अशा एकाकी मुलाला सोबत होती ती घराभोवतीच्या बागेची आणि पलीकडे दिसणाऱ्या अरण्याच्या टेकड्यांची. पुढे त्याने बालशिक्षणाचा जो विचार मांडला, त्याची मुळे या पोरक्या बालपणात आहेत. आईची माया आणि मोकळी माती या दोन गोष्टी लहान मुलाला काय देतात, हे एकीच्या अभावातून आणि दुसरीच्या सहवासातून तो शिकला होता.

दहाव्या वर्षी मामा त्याला आपल्या घरी घेऊन गेला व तेथे त्याला काही सुखाची वर्षे लाभली. पंधराव्या वर्षी, १७९७ मध्ये, तो एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीसाठी राहिला. गुरूला शिकवायला वेळ नव्हता; पण त्याच्याकडे पुस्तके होती आणि दाराबाहेर अरण्य होते. दोन वर्षे या मुलाने वनस्पती गोळा केल्या, भूमितीचा अभ्यास केला आणि स्वतःच स्वतःला शिकविले. नंतर तो येना विद्यापीठात गेला. तेथे त्याच्यावर कर्ज झाले आणि ते न फेडता आल्यामुळे त्याला विद्यापीठाच्या कोठडीत नऊ आठवडे काढावे लागले. पुढची काही वर्षे त्याने जमीनमोजणी, वनखाते, जमीनदाराच्या इस्टेटीचे हिशेब अशा नोकऱ्यांत घालविली. आजच्या भाषेत सांगायचे तर ‘करिअर’ न जमलेला हा तरुण होता.

१८०५ मध्ये स्थापत्याचे शिक्षण घेण्याच्या विचाराने तो फ्रँकफुर्टला आला. तेथील एका नमुना शाळेच्या मुख्याध्यापकाने त्याला शिक्षक होण्याचा आग्रह केला आणि वर्गात पाऊल टाकताच आपले काम कोणते हे त्याला उमगले. लवकरच तो एका सरदार घराण्यातील तीन मुलांचा खाजगी शिक्षक झाला. शहराबाहेर राहून शिकविण्यावर त्याचा भर होता, आणि मुलांच्या वडिलांनी बागकामासाठी जमिनीचा एक तुकडा त्यांना दिला. याच मुलांना घेऊन तो १८०८ मध्ये स्वित्झर्लंडमधील इव्हर्दाँ येथे पेस्टालोझीच्या शाळेत जाऊन राहिला. वस्तू प्रत्यक्ष पाहावी, हाताळावी आणि मग तिचे नाव शिकावे, हे पेस्टालोझीचे तत्त्व त्याने तेथे जवळून पाहिले. त्यानंतर बर्लिनमध्ये स्फटिकशास्त्राचा अभ्यास, १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात स्वयंसैनिक म्हणून सहभाग, आणि पुढे खनिज-संग्रहालयात साहाय्यकाची जागा, असा त्याचा प्रवास झाला. ही स्थिर जागा त्याने १८१६ मध्ये सोडली. युद्धकाळात आलेल्या विषमज्वराच्या साथीत त्याचा भाऊ दगावला होता. त्याच्या पोरक्या मुलांना शिकविण्यासाठी फ्रोबेल खेड्यात परतला. पुतण्यांच्या या वर्गातून केलहाऊ येथील शाळा उभी राहिली.

केलहाऊच्या शाळेत मुले डोंगर चढत, ओढ्यांना बांध घालीत, बागेत खपत आणि मग गणिताला व भाषेला बसत. शाळेचा लौकिक वाढला व विद्यार्थिसंख्या साठाच्या घरात गेली. पण मोकळ्या वातावरणात वाढणाऱ्या मुलांविषयी तत्कालीन राजवटींना संशय वाटू लागला. पालक बिचकले, आणि काही वर्षांतच मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. १८२६ साली फ्रोबेलचा ‘मनुष्याचे शिक्षण’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे स्वित्झर्लंडमध्ये अनाथाश्रमाचे काम करीत असताना त्याची एका गोष्टीविषयी खात्री पटली. शाळेत येणारे मूल शिकण्याच्या दृष्टीने आधीच बरेचसे घडलेले असते. खरा पाया त्याच्याही आधीच्या वर्षांत असतो, आणि त्या वर्षांकडे कोणाचेच लक्ष नसते.

म्हणून वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १८३७ मध्ये, त्याने ब्लांकेनबुर्ग येथे अगदी लहान मुलांसाठी काम सुरू केले. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, दंडगोल, घन आणि विभागलेले ठोकळे अशी खेळसाधने त्याने सिद्ध केली व त्यांना ‘देणग्या’ असे नाव दिले. संस्थेला साजेसे नाव मात्र सुचत नव्हते. सांगतात की, १८४० च्या वसंतात सहकाऱ्यांसह डोंगरवाटेने जाताना खालचे खोरे बागेसारखे पसरलेले पाहून त्याला ‘किंडरगार्टन’ हा शब्द सुचला. त्याच वर्षी २८ जूनला संस्थेची रीतसर स्थापना झाली. भांडवलासाठी त्याने जर्मन स्त्रियांना भाग विकण्याची योजना आखली. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला ती मोठी कुतूहलाची वाटते. परंतु भाग फारसे खपले नाहीत. बालपणात गुंतविलेल्या पैशाचा परतावा दूरचा असतो, आणि तो कोणत्या एका भागधारकाच्या नव्हे तर साऱ्या समाजाच्या पदरी पडतो. असे भाग बाजारात खपणे तेव्हाही कठीण होते.

फ्रोबेलच्या बागेची रचना पाहण्यासारखी आहे. मध्ये मुलांचे स्वतंत्र वाफे आणि सभोवती सर्वांचे सामाईक वाफे. जणू समाजाने व्यक्तीला कवेत घ्यावे. स्वतःच्या वाफ्यात काय लावावे, कसे लावावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. अति पाणी घातले तर रोप कुजते आणि विसरले तर सुकते, हे त्याला कोणी सांगायचे नाही. ते रोपच सांगेल. सामाईक वाफ्यात मात्र सर्वांनी मिळून काम करायचे. स्वातंत्र्य आणि जबाबदारी हे नागरिकशास्त्राचे दोन मोठे धडे चार वर्षांच्या मुलाला वितभर जमिनीवर मिळत असत. मुलांना नुसते मोकाट सोडणे असा याचा अर्थ नव्हता. शेजारी जाणती शिक्षिका हवी, आणि तिला शिकविलेले असले पाहिजे, असा त्याचा कटाक्ष होता. या कामासाठी त्याने तरुण स्त्रियांना प्रशिक्षण दिले व त्यांना एका नव्या व्यवसायाचे दार उघडून दिले.

म्हातारपणी मुलांसह माळावर फेर धरणाऱ्या या शुभ्रकेशी गृहस्थाला पाहून गावकरी त्याला वेडा म्हणत. सरकारने त्याला धोकादायक ठरविले. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या शिक्षणमंत्र्याने किंडरगार्टनवर बंदी घातली. कारण काय, तर त्या मुलांना समाजवादाकडे व नास्तिकतेकडे नेतात. कार्ल फ्रोबेल या पुतण्याच्या पुस्तिकेचे खापर काकांच्या माथी फुटले होते. नावांची गल्लत दाखवून दिली तरी निर्णय फिरला नाही. दहा महिन्यांनी, २१ जून १८५२ रोजी, फ्रोबेलचे निधन झाले. बंदी उठली ती १८६० मध्ये. ती उठलेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

बंदीने मात्र विचार थांबला नाही. त्याच्या शिष्या आणि निर्वासित जर्मन कुटुंबे हे शिक्षण इंग्लंड-अमेरिकेत घेऊन गेली. याच प्रवासात बाग गळाली, असे माझे मत आहे. ‘देणग्या’ पेटीत भरता येतात, कारखान्यात तयार करता येतात, दुकानात विकता येतात. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली या खेळउत्पादकाने त्यांचे उत्पादन सुरू केलेही. बाग पेटीत मावत नाही. तिला जागा लागते, ऋतूंची वाट पाहावी लागते आणि तिच्यावर कोणाला नफा सुटत नाही. जे विकता येते ते पसरते, जे विकता येत नाही ते विस्मरणात जाते. बाजाराचा हा साधा नियम बालशिक्षणालाही लागू पडला. फ्रोबेलच्या विचाराचे जे नुकसान सरकारी बंदीला करता आले नाही, ते या नियमाने निमूटपणे केले.

महाराष्ट्राचा या परंपरेशी जुना संबंध आहे. पंडिता रमाबाईंनी १८८६ नंतर अमेरिकेत किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला होता. मुंबईत शारदा सदन त्यांनी १८८९ मध्ये काढले. पुढे ताराबाई मोडक यांनी, प्रामुख्याने माँटेसोरींच्या मार्गाने जाताना, १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभारले. महागडी साधने आणण्याऐवजी त्यांनी व अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, खडे, पाने, बिया यांनाच साधने केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आली. ‘बालवाडी’ हा आपला शब्दही पाहावा. कोकणात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग. अंगण, कुरण, वाडी हे सारे शब्द मोकळ्या जागेचे आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे अंगणवाडी देशभर पोहोचली. पण किती ठिकाणी ती एका खोलीत कोंडली गेली आहे, हे शिक्षकांना सांगायला नको.

यात पालकांना दोष देऊन भागणार नाही. शेजारचे मूल चौथ्या वर्षी अक्षरे गिरवू लागले की आपले मूल मागे पडेल, ही भीती खोटी म्हणता येत नाही. वहीतील अक्षरे दिसतात, मोजता येतात, पाहुण्यांना दाखविता येतात. मुंगीची रांग न्याहाळण्यात गेलेल्या अर्ध्या तासाची गुणपत्रिका नसते. म्हणून प्रत्येक पालक स्वतःपुरता शहाणपणाने वागतो आणि सर्वांच्या शहाणपणातून साऱ्या मुलांचे नुकसान होते. अशा वेळी सार्वजनिक नियमांची गरज असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले. पण त्या कायद्यातील हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत मानून खेळाला स्थान दिले, हे स्वागतार्ह आहे. तथापि कागदावरचा खेळ आणि मातीतला खेळ यांत अंतर असते.

शहरात जागा नाही हा आक्षेप खरा आहे. परंतु तो पूर्ण खरा नाही. फ्रोबेलचा वाफा लहानच होता. गच्चीवरच्या खोक्यातही माती मावते. नगरपालिकेच्या उद्यानात हिरवळीवर पाऊल ठेवू नका, अशी पाटी असते. तेथे एक कोपरा मुलांनी खणावा म्हणून राखून ठेवणे अशक्य आहे काय? चिखलाने कपडे मळतात, गुडघे फुटतात, हेही खरे. तेवढी किंमत मोजण्याची तयारी हवी.

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत पालक केजीची फी विचारतात, माध्यम विचारतात, संगणक आहे का हेही विचारतात. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा: मुलांना खणायला माती कोठे आहे? हा प्रश्न पुरेशा पालकांनी विचारला, तर संस्थाचालकांना त्याचे उत्तर शोधावेच लागेल.