डॉ. रखमाबाई : ठाम नकाराची गोष्ट

आत्मविश्वास उपजत असतो की कमवावा लागतो, असा विषय आम्हा आयांच्या गप्पांत वरचेवर निघतो. अशा वेळी मला डॉ. रखमाबाई आठवतात.

त्यांचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न झालं, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून त्या वाचत, शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी, बायकोने नांदायला यावं, म्हणून हायकोर्टात दावा लावला. एकोणीस-वीस वर्षांच्या रखमाबाईंनी ठाम नकार दिला.

हे बळ एका दिवसात आलं नव्हतं. १८८५ मध्ये त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली, ती स्वतःचं नाव न देता, 'एक हिंदू स्त्री' म्हणून. त्याच वर्षी डॉ. सखारामांचं छत्र हरपलं. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण अपिलात तो टिकला नाही. सार्वजनिक गणेशोत्सवामुळे ज्यांचं आपण दरवर्षी स्मरण करतो ते लोकमान्य टिळकही या वादात त्यांच्या विरोधात होते. १८८७ मध्ये कोर्टाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असं सांगितलं. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली, आणि या वेळी उघडपणे, स्वतःच्या नावाने! अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने त्या १८८९ मध्ये इथे लंडनला आल्या आणि 'लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन'मध्ये शिकल्या. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन त्या मायदेशी परतल्या. सुरतेला आणि पुढे राजकोटला त्यांनी अनेक वर्षं स्त्रियांवर उपचार केले. १९५५ मध्ये, नव्वदीत, त्यांचं निधन झालं.

मला वाटतं, त्यांचा आत्मविश्वास पायरीपायरीने वाढला. आधी वाचन, मग निनावी लेखन, मग सर्वांसमोर उभं राहणं. आणि सुरुवातीला ऐकून घेणारं घर. शिक्षण असो, नोकरी असो वा लग्न, आपल्या मुलींचा पहिला 'नाही' बहुधा आपल्यालाच ऐकावा लागतो. तो न रागावता ऐकून घेणं, एवढं तरी आपल्या हातात आहे.